भुसावळचे फुटबॉलवाले सर : दोन वर्षांचा अनुभव

लेकीला फुटबॉलला घालून येत्या जूनमध्ये दोन वर्षं पूर्ण होतील. तेव्हापासून कॉलनीत, भाजीबाजारात, अगदी रेल्वेच्या क्रू लॉबीत ड्युटीची हजेरी लावतानासुद्धा कुणी ना कुणी विचारतंच, की क्लास कसा आहे, फी किती, मुलींना पाठवायसारखं आहे का, दहावीला खेळाचे मार्क मिळतील का. प्रत्येकाला उभ्याउभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

सरांचं नाव मात्र लिहीत नाही. त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. एका माणसाच्या हाताखाली आताच चाळीस पोरं आहेत, आणखी वाढली तर नुसती गर्दी होईल, असं त्यांचं म्हणणं. पण ज्यांना खरंच मूल घालायचंय ते शोधत येतील. भुसावळ स्टेशनबाहेर कुठल्याही रिक्षावाल्याला ‘फुटबॉलवाले सर’ म्हणा, तो मैदानाच्या तोंडाशी आणून सोडेल.

मी मालगाडीचा लोको पायलट. कधी इगतपुरीकडे, कधी बडनेऱ्याकडे, कधी खंडव्याकडे. घरी असण्याचा भरवसा नाही. त्यामुळे मला असा क्लास हवा होता, की मी नसलो तरी पोरगी कुणाच्या ताब्यात आहे याची चिंता राहू नये. याआधी एका दुसऱ्या क्लासमध्ये तिला घातलं होतं. नाव घेत नाही. वर्षाचे सहा हजार आगाऊ घेतले, टी-शर्ट दिला, बॅग दिली, फोटो काढले. तीन महिन्यांत तीन कोच बदलले आणि दिवाळीनंतर गेटला कुलूप. पैसे गेलेच, पण पोरगी महिनाभर रोज संध्याकाळी बूट घालून ओट्यावर बसायची, ते जास्त लागलं. म्हणून या सरांकडे जाताना मी फार सावध होतो.

पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. लेक तेव्हा पाचवीत. जुन्या क्लासचे स्टडवाले बूट घालून, केस घट्ट बांधून तयार. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बूट काढ. मोजेपण.” मला वाटलं, पाय बघताहेत. त्यांनी एक जुना, कातडं उडालेला बॉल तिच्या तळव्याखाली सरकवला आणि म्हणाले, “डोळे मिट. यात हवा भरायचं भोक कुठं आहे ते पायानं शोधून दे.” लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ती डोळे मिटून, एका पायावर तोल सांभाळत, तळव्यानं बॉल फिरवू लागली. शिवण लागली की थांबायची, पुन्हा फिरवायची. दोनदा बॉल निसटला. तिसऱ्या वेळेस अंगठ्याखाली भोक आलं तेव्हा ती ओरडली, “सापडलं!” सरांनी नुसती टाळी वाजवली आणि पुढच्या पोराकडे गेले. त्या दिवशी तिनं एकही किक मारली नाही, तरी घरी येईपर्यंत ती रिक्षात त्या भोकाबद्दलच बोलत होती.

हा प्रकार सर कुठं शिकले ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. सर रेल्वेत खेळाडू कोट्यातून लागलेले, लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचे बचावपटू. गुडघा गेला, खेळ सुटला. नुसतं टेबलावर बसणं त्यांना जमेना, म्हणून नोकरी सोडून कोचिंगकडे वळले. २००१मध्ये मस्कतच्या एका शाळेत लागले, तिथून मालदीव, मग काठमांडू, शेवटी टांझानियात दार-एस-सलाम. मधल्या सुट्ट्यांत भारतात येऊन आपल्या फुटबॉल महासंघाचं कोचिंगचं डी लायसन्स आणि मग आशियाई महासंघाचं सी लायसन्स त्यांनी केलं. आई थकली म्हणून २०१५मध्ये कायमचे भुसावळला आले. दार-एस-सलामला पोरं अनवाणी खेळायची, चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीनं बांधून बॉल करायची, आणि त्या पोरांच्या पायाला बॉल जसा चिकटायचा तसा बूटवाल्यांच्या पायाला कधी चिकटला नाही, हे त्यांनी पाहिलेलं. म्हणून इथं पहिला महिना बूट घ्यायचेच नाहीत असा नियम आहे. पालकांचे पैसेही वाचतात. बॉलसुद्धा बारा वर्षांपर्यंत चार नंबरचाच घ्या, असं ते बजावून सांगतात. दुकानदार पाच नंबर गळ्यात मारतात, लहान पोराला तो जड होतो आणि मग पोर पंजानं टोचत मारायला लागतं. आम्ही जालंधरचा चार नंबर घेतला, दोन पावसाळे काढले, अजून शिवण शाबूत आहे.

क्लासमध्ये शिट्टी नाही. नवीन पालकांना हे विचित्र वाटतं. एक टाळी म्हणजे थांबा, दोन म्हणजे दिशा बदला, हात वर आणि मूठ बंद म्हणजे सगळे माझ्याकडे या. त्यांना परदेशात लागलेली ही सवय. मालदीवला पोरं दिवेही बोलायची, मस्कतला अरबी, आफ्रिकेत स्वाहिली. यातलं काही येत नसताना सराव घ्यायचा, तर हातापायानंच बोलावं लागतं. आणि आमच्या मैदानावर तरी वेगळं काय आहे? कॉलनीतली तेलुगू पोरं आहेत, हिंदी बोलणारी आहेत, यावल-रावेरकडची लेवा बोलीतली आहेत, दोन भाऊ अमळनेरकडचे आहेत ते रंगात आले की अहिराणीत शिरतात. एक “आठे दे, आठे!” ओरडतो, दुसरा “अठी दे!” आणि तिसरा “इधर, इधर!” सर यातल्या कुणालाही ‘नीट बोल’ म्हणत नाहीत. ते ज्या पोराला बॉल मागायचा आहे त्याला हात दाखवायला शिकवतात. बॉल पायात हवा असेल तर हात खाली, पुढच्या मोकळ्या जागेत हवा असेल तर हात त्या बाजूला. दोन महिन्यांत मैदानावरची आरडाओरड निम्मी झाली, हे मी स्वतः पाहिलंय.

वेळेचंही तसंच. मस्कतला उन्हामुळे मगरिबच्या अजाननंतर दिवे लावून सराव चालायचा. आपल्याकडे दिवे नाहीत, म्हणून ऐन उन्हाळ्यात क्लास पहाटे साडेपाचला भरतो आणि सातला सुटतो. भुसावळचा मे महिना ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, पारा पंचेचाळीसला टेकतो. दर वीस मिनिटांनी पाणी, त्यात लिंबू, मीठ, साखर. ज्याला तहान नाही त्यानंही प्यायचं. मध्ये केळी असतात. रावेरच्या एका पालकांची बाग आहे, ते आठवड्यातून दोनदा गोणीत फण्या पाठवतात. चिप्सची पाकिटं मैदानावर चालत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये सलग चार दिवस झड लागली होती. आपली काळी माती. दोन सरी पडल्या की बुटाला पायलीभर चिखल चिकटतो, चार दिवसांत तर मैदानाचं लोणी झालं होतं. मला रेस्ट होती, लेकीला न्यायला लवकर गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये सगळी पोरं पोत्यांवर बसलेली, वर पावसाचा असा आवाज की शेजारच्याचं ऐकू येईना. सरांनी शेडच्या भिंतीवर खडूनं जगाचा नकाशा काढलेला. नकाशा कसला, पाच-सहा बटाटे म्हणा. त्यावर पाच गोल केले: मेक्सिको, कोस्टा रिका, अमेरिका, नायजेरिया, चीन. आणि सर्बियातून एक रेघ निघून त्या पाचांवरून फिरत गेलेली.

ती रेघ म्हणजे बोरा मिलुटिनोविच. मी हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. १९४४चा जन्म, बायिना बाश्ता नावाचं गाव. तिघे भाऊ, तिघेही फुटबॉलर. हा बेलग्रेडच्या पार्टिझानकडून खेळला, मग फ्रान्समध्ये मोनॅको आणि नीसकडून, शेवटी मेक्सिकोत पुमासकडून. खेळणं संपलं तिथंच तो कोच झाला. आणि १९८६ ते २००२ असे सलग पाच वर्ल्ड कप त्यानं पाच वेगवेगळ्या देशांचे संघ घेऊन गाठले. पहिले चारही संघ पहिल्या फेरीतून पुढं गेले.

एका लहान पोरानं विचारलं, “सर, त्याची सारखी बदली व्हायची का?”

रेल्वे कॉलनीतलं पोर, त्याला दुसरं काय सुचणार! सर हसले नाहीत. त्यांनी पोराला जवळ बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगितलं, “बदली झालेला माणूस नव्या गावात गेला की पहिलं काय करतो? पाणी कुठं येतं, किराणा कुठं मिळतो, शाळा कुठली, हे बघतो. घरातलं सामान कसं लावायचं ते नंतर. बोराही तेच करायचा. आधी बघायचा, इथं कोण पोरं आहेत.”

मग त्यांनी कोस्टा रिकाची गोष्ट सांगितली आणि त्यावर बराच वेळ रमले. एवढासा देश, १९९०चा त्यांचा पहिलाच वर्ल्ड कप, बोरा आला तेव्हा हातात जेमतेम तीन महिने. त्यानं काही नावाजलेले खेळाडू घरी बसवले. तिकडे ओरड झाली. इटलीत त्यांनी स्कॉटलंडला १-० हरवलं. दुसरा सामना ब्राझीलशी, ट्युरिनमध्ये. ट्युरिन हे युव्हेंटसचं गाव आणि युव्हेंटसचा शर्ट काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा. कोस्टा रिकाचा संघ त्या दिवशी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टात मैदानात उतरला! सरांनी हे सांगताना खडूनं शर्टावर पट्टे ओढून दाखवले आणि म्हणाले, “विचार करा, परक्या गावात गेल्यावर लोक आपल्या बाजूनं कसे येतील, एवढाही विचार या माणसानं केला.” सामना ०-१नं गेला. पण पुढं स्वीडनला २-१ हरवून ते बाद फेरीत पोचले. तिथं मात्र कोनेहो हा त्यांचा गोली जखमी झालेला, आणि चेकोस्लोव्हाकियाच्या स्कुहरावीनं डोक्यानं तीन गोल टाकले. ४-१. “हाय बॉल कसा काढायचा हे तुम्हाला रोज का घोकायला लावतो, कळलं?” असं सर आमच्या गोलीकडे बघून म्हणाले, आणि तो पोरगा एकदम ताठ बसला.

अमेरिकेची गोष्ट त्यांनी दोन भागांत सांगितली. १९९४ला अमेरिकेत मोठी व्यावसायिक लीग नव्हती, ती १९९६ला सुरू झाली. बऱ्याच खेळाडूंना बांधील क्लबच नाही. म्हणून त्यांना कॅलिफोर्नियात मिशन व्हिएहोला एकत्र ठेवून सराव करवला. त्या संघानं कोलंबियाला २-१ हरवलं. इथवर लहानांसाठी. लहान पोरं घरी गेल्यावर सरांनी मोठ्या पोरांना थांबवून पुढचं सांगितलं. त्या सामन्यात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारच्या पायाला लागून बॉल स्वतःच्याच गोलमध्ये गेला होता. २२ जूनचा सामना. २ जुलैला मेडेयीन शहरात त्याला गोळ्या घालून मारलं. शेडमध्ये कुणी बोललं नाही, वर नुसता पाऊस. सरांच्या क्लासचा एक नियम आहे: कुणाकडून स्वतःच्या गोलमध्ये बॉल गेला तर सगळ्यांनी पळत त्याच्याजवळ जायचं, पाठीवर हात ठेवायचा, आणि नंतर तो विषय काढायचा नाही. मैदानातही नाही, शाळेतही नाही. माझी लेक हा नियम पाळायची, पण तो कुठून आला हे मला त्या दिवशी कळलं. मी पोरीला गाडीवर बसवून घरी नेलं, रस्ताभर आम्ही दोघं गप्पच होतो.

नायजेरियानं १९९८ला स्पेनला ३-२ हरवलं तो सामना मी नंतर मोबाईलवर पाहिला. ओलिसेचा तो लांबून मारलेला गोल प्रत्येकानं बघावा.

पण सरांचा जीव खरा चीनमध्ये. त्याला कारण आहे. ७ ऑक्टोबर २००१ला सर नुकतेच मस्कतला पोचलेले. दुपारी चहाच्या दुकानात ही गर्दी. टीव्हीवर चीन विरुद्ध ओमान, शेनयांगमधला सामना. चीन १-०नं जिंकला आणि पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेला. दुकानातले ओमानी लोक हळहळत उठून गेले. सर टीव्हीवर दिसणाऱ्या त्या विस्कटल्या केसांच्या कोचकडे बघत बसले. दोन भाषांच्या मधोमध उभा राहून हा माणूस एवढ्या मोठ्या देशाचा संघ कसा चालवतो, हे त्यांच्या डोक्यात बसलं. स्वतःची अवस्था तीच होती, खोलीवर गेल्यावर शेजाऱ्याशी बोलता येत नव्हतं. तेव्हापासून बोराबद्दल जे मिळेल ते सर वहीत लिहून ठेवत आले. ती वही मी पाहिली आहे, निळ्या पुठ्ठ्याची, कडा खाल्लेली.

चीनमध्ये बोरा खेळाडूंना जाळीवरून पायानं टेनिस खेळायला लावायचा. तिथल्या पत्रकारांनी त्यावर टीका केली, हा काय सराव म्हणून. तो म्हणायचा, आनंदानं खेळा. आमच्या मैदानावर दर शनिवारी दोन बांबूंना दोरी बांधून हेच चालतं. सुरुवातीला मलाही वाटलं, पोरांचा टाइमपास चाललाय. मग एका शनिवारी नीट बसून बघितलं. दोरी कमरेएवढी, बॉल एकदाच टप्पा घेऊ शकतो, हात लावायचा नाही. पोरीला मांडीवर बॉल झेलून, खाली पडायच्या आत पंज्याच्या वरच्या भागानं अलगद पलीकडे ढकलावा लागतो. जोर लावला की बॉल थेट बाभळीत. इथं जोर न लावायला शिकवतात! दोन वर्षांत तिचा पहिला टच जो सुधारलाय तो या दोरीनं, असं माझं स्पष्ट मत आहे.

२००२च्या वर्ल्ड कपात चीनचा संघ कोरियात तीनही सामने हरला, ०-२, ०-४, ०-३, एकही गोल नाही. त्यातला पहिला सामना कोस्टा रिकाशी, आणि समोरचा कोच अलेक्झांडर गिमाराएस, म्हणजे १९९०च्या संघातला बोराचाच खेळाडू. गुरूला चेल्यानं हरवलं. हाच गिमाराएस पुढं आपल्या मुंबईत आला. २०१६ला मुंबई सिटीचा कोच होता, संघ गुणतक्त्यात पहिला आला आणि सेमीफायनलला कोलकात्याकडून हरला. तो मुंबईत आल्याचं कळल्यावर सरांनी मोठ्या चार पोरांना जनरलच्या डब्यात घालून अंधेरीला नेलं होतं. त्या पोरांपैकी एक आता आमच्या लॉबीत असिस्टंट लोको पायलट आहे. तो सांगतो, मैदानावर दिएगो फोर्लान खेळत होता, २०१०च्या वर्ल्ड कपचा सर्वोत्तम खेळाडू, आणि सर म्हणत होते, फोर्लानकडे अर्धा वेळ बघा, उरलेला अर्धा वेळ त्या रेषेजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. बॉल कुठंही असू दे, तो कुणाकडे बघतोय ते बघा. पोरांनी बघितलं. तो बहुतेक वेळा बॉल नसलेल्या खेळाडूंकडे बघत होता.

आता माझी तक्रारही लिहितो, म्हणजे हे एकतर्फी होणार नाही. डिसेंबरात जळगावला एक स्पर्धा होती. माझी लेक बॅचमध्ये सगळ्यात वेगवान, सरावात सगळ्यात जास्त गोल तिचे. आणि सरांनी तिला लेफ्ट बॅक लावलं. ती दोन दिवस रडली, सोमवारी गेलीच नाही. मी इगतपुरीच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे आम्हा ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या जागी होतो, तिथून सरांना फोन लावला आणि आवाज चढवला. सर शांतपणे म्हणाले, “भाऊ, तुम्ही आत्ता इगतपुरीत आहात ना? खाली कसाऱ्याहून गाडी वर येते तिला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात की नाही? पुढच्या इंजिनाचा फोटो निघतो, पण बँकर नसेल तर गाडी घाटातच उभी. तुमची पोरगी पुढं थांबून बॉलची वाट बघते, तिचा निम्मा वेग वाट बघण्यात जातो. मागून आली तर सगळं मैदान तिच्या समोर असेल.” मी म्हणालो, तिला गोल मारायला आवडतं. ते म्हणाले, “मला ठाऊक आहे. मलाही आवडायचं. मलापण मागंच लावलं होतं.”

बुधवारी मैत्रीण बोलवायला आली तशी लेक गेली. सामना ०-२नं हरले. बायकोनं पाठवलेला व्हिडिओ मी रनिंग रूममध्ये बघितला. त्यात एके ठिकाणी गोली पुढं गेलेली, बॉल रिकाम्या गोलकडे चाललेला, आणि डावीकडून लेक धावत येऊन रेषेवरून तो बाहेर काढते. उठून दोन्ही हात वर करते, गोल मारल्यासारखे. मी तो तुकडा किती वेळा बघितला असेल! पण तरीही सांगतो, तिला अजून पुढंच खेळायचंय, सर अजून तिला मागंच लावतात, आणि यात कोण बरोबर ते माझं अजून ठरलेलं नाही. पालक म्हणून हे थोडं जड जातं. ज्यांना आपलं मूल स्ट्रायकरच व्हायला हवंय त्यांनी हे आधी समजून घ्यावं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. मैदानाजवळ मुलींसाठी स्वच्छतागृह नाही. सध्या समोरच्या एका काकूंच्या घरी मुली जातात, त्या माउलीनं कधी नाही म्हटलं नाही, पण हे असं किती दिवस चालणार? बाई कोचही नाही. चाळीसात अकरा मुली आहेत, त्यांच्या काही गोष्टी सरांना सांगता येत नाहीत. आम्ही काही आया-बापांनी मिळून पाळी लावली आहे, रोज एक आई मैदानावर बसते. माझी बायको मंगळवारी जाते. मुलगी घालणाऱ्यांनी या पाळीत नाव द्यावं ही विनंती.

पावसाळ्यात बऱ्याचदा क्लास बुडतो आणि त्याचा निरोप ऐनवेळी येतो, कधी पोर मैदानावर पोचल्यावर. फी महिन्याला सहाशे, दुसऱ्या भावंडाला निम्मी, पावती नाही, सर वहीत लिहून सही घेतात. मागच्या अनुभवानंतर मला वर्षाची आगाऊ रक्कम न घेणं हेच मोठं वाटलं. सर्टिफिकेट, मेडल, फोटो यातलं इथं काही मिळत नाही. शाळेच्या संघातून सुब्रतो कप या आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा फेरीत खेळायचं असेल तर सर शाळेच्या पीटी शिक्षकांशी स्वतः जाऊन बोलतात, एवढं नक्की. दहावीच्या मार्कांचं विचारलंत तर ते विषय बदलतात.

दुखापतीचं सांगायला हवं. मार्चमध्ये एका पोराचा घोटा मुरगळला. सरांनी त्याला चालू दिलं नाही, दोघांनी उचलून सावलीत नेलं, गोळेवाल्याकडून बर्फ आणून फडक्यात बांधला, पाय बॅगेवर उंच ठेवला, वडिलांना फोन करून एक्सरे काढायला लावला. तीन आठवडे त्या पोराला खेळू दिलं नाही, पण रोज यायला लावलं आणि कोण किती पास चुकवतो ते मोजायचं काम दिलं. तो मुलगा आता मोजणीत इतका तरबेज झालाय की आमची लेक घरी आल्यावर आधी त्याचा आकडा सांगते.

जूनमध्ये धाकट्यालाही घालतोय. तो तिसरीत आहे आणि त्याला पळण्यापेक्षा मातीत बसायला जास्त आवडतं. सरांना तसं सांगितलं तर म्हणाले, येऊ द्या, बघू काय करतो ते.

ज्यांना यायचंय त्यांनी सोमवार ते शनिवार कधीही यावं, आधी दोन दिवस नुसतं बसून बघावं, सर नाही म्हणत नाहीत. बूट लगेच घेऊ नका. पाण्याची बाटली दोन लिटरची. आणि उन्हाळ्यात शनिवारी येणार असाल तर घरून एक घमेलं आणा. काळ्या मातीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, खेळ सुरू करायच्या आधी सगळी पोरं मिळून त्या वाळूनं बुजवतात, आणि घमेली नेहमी कमी पडतात.